गाड्यांच्या वॉर्डातल्या सलोमीमावशी

तुमच्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं की आई-वडिलांचं नाव सांगायची पद्धत आहे. आई-वडिलांचे उपकार आहेतच, ते मोजायला मी बसत नाही. पण त्यांच्यानंतर लगेच, मध्ये कोणत्याही सरांचं नाव न घेता, मी सलोमीमावशींचं नाव घेतो. "अच्छा, त्या प्राध्यापिका का?" असं समोरचा आदराने विचारतो. मग मी सांगतो, त्या नंदुरबारला गाड्या आतून पुसतात. समोरचा पावसापाण्याचं बोलायला लागतो. म्हणून हे लिहून काढतो आहे. कागद मध्येच विषय बदलत नाही.

मावशी नवापूरकडच्या, गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या डोंगरातल्या एका गावच्या. सगळी उमर त्यांनी एका दवाखान्यात वॉर्डातली मावशी म्हणून काढली. फरशी, खाटा, बेडपॅन, ऑपरेशननंतरची खोली, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. निवृत्त झाल्यावर पुतण्याकडे नंदुरबारला आल्या. पुतण्याची काळीपिवळी जीप होती. एक दिवस सहज म्हणून त्यांनी तिचं दार उघडून आत पाहिलं, आणि आपण पुन्हा कामावर रुजू झालो आहोत असं त्यांना वाटलं. "अरे, एवढी घाण घेऊन तू माणसं बसवतो?" असं त्या पुतण्याला म्हणाल्या. तीन दिवसांनी जीप त्याच्या ताब्यात मिळाली. ती बघायला स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर जमले होते म्हणतात.

मी गेलो तेव्हा शहाद्याच्या रस्त्याला, टायरच्या दुकानाशेजारी त्यांची पत्र्याची शेड होती. शेडपुढे एक कडुनिंब. पाटीवर लिहिलेलं: 'गाडी आतून साफ करून मिळेल. बाहेरून ज्याची त्याने पाहावी.' खाली खडूने: 'मदतनीस पाहिजे. इंग्रजी वाचता आले पाहिजे.'

मी बी.एस्सी. झालेलो, रसायनशास्त्र घेऊन. आमच्या घरात माझ्याआधी दहावीसुद्धा कोणी पाहिलेली नव्हती. नंदुरबारमधल्या सगळ्या लॅबच्या पायऱ्या झिजवून झाल्या होत्या. ती पाटी मी दोनदा वाचली आणि आत गेलो.

निळा ॲप्रन, पांढरे केस घट्ट बांधलेले, नाकावर चष्मा, अशा एक बाई स्टुलावर बसून फडक्यांच्या घड्या करत होत्या. काही न विचारता त्यांनी माझ्या हातात एक बाटली दिली.

"वाच."

मी मोठ्या आवाजात बाटलीचं नाव वाचलं.

"ते तर रंगावरूनही कळतं. मागचं वाच. बारीक अक्षरातलं."

मी मागचं वाचायला लागलो. दोन ओळी गाळून पुढे गेलो, तर त्यांनी बोट वर केलं. "श्वास दोनदाच घेतलास. एवढ्या कागदात चारदा घ्यावा लागतो. काहीतरी गाळलंस."

इंग्रजीचा एक शब्द न येणाऱ्या बाईने माझी चोरी पकडली होती. मी पहिल्यापासून वाचलं, अर्थ सांगितला. कशासोबत मिसळू नये, हवा खेळती ठेवावी, डोळ्यांत गेल्यास काय करावं. त्या एकेक वाक्य मनात ठेवत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "उद्या आठला ये. नखं कापून ये."

घरी फोन केला तेव्हा मी आबांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं की काम लागलं. रसायनांचं काम आहे, बाटल्या असतात, हातमोजे घालावे लागतात. आबा एवढं ऐकून पलीकडून ओरडले, "म्हनजे लॅब!"

मी 'नाही' म्हणालो नाही. माझं खोटं एवढंच. पण आबांनी ते वाढवत नेलं. ते पुरुषोत्तमनगरकडे शेतमजुरीला जायचे. तिथल्या प्रत्येक बांधावर त्यांनी माझी लॅब उभी केली. पांढरा कोट त्यांनीच चढवला. गावातल्या दोघांनी तर माझ्याकडे रक्त तपासायला यायचं ठरवून टाकलं. आता खरं सांगितलं तर आबांना गावात मान खाली घालावी लागली असती, आणि न सांगावं तर दर फोनला माझी मान खाली. सात महिने मी असा लटकत होतो. मावशींना हे सगळं ठाऊक होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी कुणाला सांगायला जाणार नाही. पण मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. तुझं तू बघ."

मावशी गाडीला 'पेशंट' म्हणायच्या. गाडी आली की आधी केसपेपर. मालकाला स्टुलावर बसवायच्या आणि सुरू.

"काय त्रास आहे?"

"वास येस, मावशी."

"कधीपासून? सकाळी जास्त की दुपारी? गाडीत कोण काय जेवलं? खरं सांग, मी घरी सांगत नाही."

मालक लाजत लाजत सांगायचा की सासुरवाडीहून माशांची पिशवी आणली होती. मावशी मान हलवायच्या. मग गाडी कडुनिंबाखाली सावलीत. उन्हात तापलेल्या गाडीत त्या कधी हात घालायच्या नाहीत, "तापात ऑपरेशन नाही" म्हणायच्या. चारही दारं उघडी. चावी काढून त्यांच्या ॲप्रनच्या खिशात. एकदा एका मालकाला काम चालू असताना आत बसून गाणी ऐकायची होती. त्या म्हणाल्या, "ऑपरेशनच्या टेबलावर नातेवाईक बसतात का?"

छपरापासून सुरुवात, शेवट पायाखालच्या मॅटवर. स्वच्छाकडून घाणीकडे, वरून खाली. काचेचा फडका निळा, सीटचा पिवळा, खालचा लाल. लाल फडका चुकून डॅशबोर्डला लागला तर तो डॅशबोर्ड पुन्हा पहिल्यापासून. औषध फडक्यावर मारायचं, बटणांवर कधीच नाही. "बटणाचं तोंड पुसायचं, त्याला आंघोळ नाही घालायची." सीटमधून निघणाऱ्या पिवळ्या वायरींना हात नाही, कारण त्या एअरबॅगच्या फुग्याच्या, आणि फुगा अपघाताच्या दिवशीच फुटायला हवा.

एकदा नवरदेवाची गाडी आली. बरोबरचा मामा म्हणे, सगळं चमकलं पाहिजे, स्टेअरिंग आणि पायातले पेडलसुद्धा. मावशींनी पॉलिशची बाटली उचलून कपाटात ठेवली.

"स्टेअरिंगला आणि पेडलला पॉलिश नाही."

"मावशी, लगीन शे!"

"म्हणूनच. पाय घसरला तर मांडवात गाडी आधी आणि नवरदेव नंतर पोचेल."

मामा रुसला. नवरदेव मात्र हळूच येऊन म्हणाला, "मावशी, ब्रेक राहू द्या."

सीटखाली सापडणाऱ्या वस्तूंसाठी त्यांच्याकडे दवाखान्यातला, घेवड्याच्या आकाराचा स्टीलचा ट्रे होता. कंगवा, बिडीबंडल, कुणाच्या तरी मुलीचा लग्नाचा बायोडाटा, एकदा तर एका निवृत्त गुरुजींची कवळी. सगळं ट्रेमध्ये, वर रुमाल, आणि ट्रे थेट मालकाच्या हातात. बायकोसमोर नाही, मित्रासमोर नाही. "पोटातून निघालेलं पेशंटलाच दाखवायचं," हा त्यांचा शब्द होता. नंदुरबारमधल्या निम्म्या घरांची शांती त्या रुमालाखाली टिकून होती असं मला वाटतं.

आणि शेवटी डिस्चार्ज. गाडी वाळली की मावशी एकट्या आत बसायच्या, काचा वर करायच्या आणि डोळे मिटून दोन मिनिटं श्वास घ्यायच्या. गिऱ्हाइकांना वाटायचं प्रार्थना चालली आहे. काही जण बाहेर हात जोडून उभे राहायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "वास बघते. आणि गाडीत बसणाऱ्यांसाठी दोन शब्दही बोलते. आत बसलेच आहे तर."

आता माझी गोष्ट सांगायला हवी, कारण उपकार तिथे झाले.

दुसऱ्याच महिन्यात एका गाडीत ताक सांडलेलं आलं. तीन दिवस उन्हात मुरलेलं. मावशी बाजारात गेल्या होत्या. मला वाटलं, पदवीचं काहीतरी दाखवावं. ब्लीचचं पाणी मारलं, वास गेला नाही. मग शेडच्या संडासातली ॲसिडची बाटली आणून त्यावरच थोडं ओतलं. रस्त्याची धूळ आत येऊ नये म्हणून दारं लावून घेतली होती. क्षणात घशात कोणीतरी मूठभर काटे कोंबल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे पाणी, दाराची कडी सापडेना. तेवढ्यात बाहेरून दार उघडलं आणि माझी कॉलर धरून मावशींनी मला रस्त्यावर ओढलं. त्यांच्या भाजीच्या पिशवीतली वांगी रस्ताभर पसरली. मला वाऱ्याच्या दिशेला बसवून त्या म्हणाल्या, "दीर्घ श्वास घेऊ नको, हळू घे. काय काय टाकलंस?"

मी सांगितलं. आणि सांगता सांगताच माझ्या डोक्यात वीज पडली. खोकत खोकत मी म्हणालो, "मावशी, यातून क्लोरीन निघतो. हे समीकरण मला येतं. परीक्षेत आलं होतं. पूर्ण गुण होते मला."

"पूर्ण गुण होते, तर मग नाकात कशाला घेतलास?"

या प्रश्नाचं उत्तर तीन वर्षांच्या कॉलेजात मला कोणी शिकवलं नव्हतं. त्या मला दवाखान्यात घेऊन गेल्या, संध्याकाळपर्यंत शेजारी बसल्या. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो तर मला हाकललं नाही. कपाट उघडून म्हणाल्या, "सगळ्या बाटल्या पुन्हा वाच. या वेळी मार्कांसाठी नको."

त्या दिवसापासून मी बी.एस्सी. झालो असं मी मानतो.

मग मिरचीचा हंगाम आला. त्या दिवसांत नंदुरबारमध्ये लाल मिरची पथाऱ्यांवर वाळत पडलेली असते आणि वारा फिरला की अख्खं गाव शिंकतं. एका दुपारी एक कोरी मोठी गाडी नागमोडी चालत आमच्या शेडपुढे येऊन थांबली. दार उघडलं आणि एक व्यापारी शेठ बाहेर पडले. डोळे टोमॅटोसारखे, नाकातून धार.

"मावशी, लवकर कर! मन्हा जीव जाई ऱ्हायना!"

मावशींनी स्टूल पुढे केलं. "काय त्रास आहे? कधीपासून?"

"ए.सी. लायी तव्हयपाईन!"

टेम्पो बिघडला म्हणून शेठने सुक्या मिरचीच्या तीन गोण्या नव्या गाडीत मागच्या सीटवर टाकल्या होत्या. एक गोणी फाटली. मिरचीची पूड उडाली, शिंका आल्या, म्हणून शेठने काचा लावून ए.सी. पूर्ण जोरात सोडला. म्हणजे ए.सी.ने सगळी पूड आत ओढून घेतली आणि थंड करून पुन्हा तोंडावर मारली. आमच्या भागात दर हंगामात एक तरी शहाणा हे करतोच.

"मी सांगेल व्हतं शेठले," गोण्यांमागून आवाज आला. "खिडकी उघडी राहू द्या. तर म्हने, थंडी हवा खाय."

गोण्या धरायला बसवलेला मजूर डोक्याचं फडकं तोंडावर दाबत खाली उतरला. ते आबा होते. हंगामात ते शेठच्या गोण्या उचलायला लागले आहेत, हे मला ठाऊक नव्हतं.

माझ्या तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, डोक्याला टोपी, हातात मोजे. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं नाही. मी मावशींकडे पाहिलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग आबांच्या नाकाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं.

मिरचीच्या गाडीचे मावशींचे नियम वेगळे. पंखा, ए.सी. बंद. झटकायचं नाही, फुंकायचं नाही, पाणी तर मुळीच नाही, ओली मिरची सीटमध्ये मुरते आणि महिनाभर बसणाऱ्याला चटके देते. आधी व्हॅक्यूमचं यंत्र लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, आणि फक्त नळी आत. मी नळी घेऊन छपरापासून सुरुवात केली. आबा दोन हात अंतरावर उकिडवे बसले आणि बोलायला लागले.

"मन्हा पोऱ्या बी आठेच शे, नंदुरबारमा. बी.एस्सी. व्हयेल शे. लॅबमा काम करस. हातमा मोजा घालस, तुन्हा ह्या पोऱ्यासारखाच. पन त्याना कोट पांढरा."

मावशी म्हणाल्या, "असं?"

"साहेब लोक त्याले इचारीसन काम करतस."

"ते खरं आहे. मीही विचारते," मावशी म्हणाल्या. आबांना ते समजलं नाही. मी छपराकडे तोंड फिरवलं.

"हाऊ पोऱ्या मुका शे का? येक शबद बोलना नही."

"मास्क लावला की बोलायचं नाही. नियम आहे."

असा कोणताही नियम नव्हता. पण त्या क्षणी झाला, आणि पुढे कायम राहिला. मावशींनी खोटं न बोलता मला आणखी पंधरा मिनिटं दिली.

तेवढ्यात आबांनी गोणी सरकवायला हात लावला, कपाळावरचा घाम पुसला, आणि तोच हात डोळ्याकडे न्यायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं.

"आबा, डोया चोयू नको! हात लावू नको!"

आबांचा हात हवेत थांबला. मी व्हॅक्यूम बंद केलं.

"इलास?"

मी मास्क काढला. आबांचा डोळा तोवर लाल झालाच होता. मी मोजे उतरवले, हात साबणाने धुतले, त्यांना नळाखाली वाकवलं आणि पाण्याची बारीक धार डोळ्यावर धरून राहिलो. माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, शेठच्याही वाहत होतं. त्या दुपारी सगळेच रडत होते, त्यामुळे कोण कशासाठी रडतंय हे कुणाला कळायचं कारण नव्हतं.

सरळ उभे राहून आबांनी मावशींना विचारलं, "हाई लॅब शे का?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "इथे गाड्या आतून साफ होतात. तुमचा मुलगा सात महिने इथे आहे. त्याच्या हातून एकही गाडी बिघडलेली नाही. एकदा तो स्वतः बिघडला होता, पण त्याला एकट्याला सोडून गेले होते मी. तो माझा दोष."

"मन्हा ए.सी.नं काय?" शेठने विचारलं.

"त्याचा फिल्टर बदलावा लागेल. तुम्ही बसा."

आबा माझ्याकडे वळले. "मंग पांढरा कोट?"

"नाही, आबा. निळा ॲप्रन. कोट तूच मला घातलास."

"मी घाला. पन तू काबरं नही सांगं?"

मी पुन्हा मास्क चढवला. आबा स्टूल ओढून बसले. उरलेले दोन तास त्यांनी माझ्या हातांवरून नजर काढली नाही. छप्पर, काचा, सीटच्या शिवणी, मग किंचित ओला फडका, मग कोरडा. लाल फडक्याकडे माझा हात चुकून लवकर गेला, तेव्हा मावशींच्या आधी आबा म्हणाले, "तो खालना शे."

निघताना त्यांनी मावशींपुढे हात जोडले. मला वाटलं आता रागावतील. ते म्हणाले, "बाई, घर यानी कधी पानीना लोटा बी जागावर ठेयेल नही. याले हाई शिस्त कशी लायी तुनी?"

"ओरडून," मावशी म्हणाल्या.

गावात आबांनी स्वतःच खरं सांगितलं, हे मला नंतर कळलं. मान खाली घालायची वेळ मात्र आली नाही. दुकानासमोर उभं राहून ते म्हणाले होते, "लॅब नही. मन्हा पोऱ्या गाडी आतून साफ करस. लॅबवाला सोता त्यानाकडे गाडी आनतस." हे खरंच होतं, एका लॅबवाल्याची गाडी येऊन गेली होती. रक्त तपासायला येणार होते ते दोघे पुढच्या महिन्यात ट्रॅक्टर घेऊन आले. मावशींनी केसपेपर काढला, ट्रॅक्टरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "याला आत कुठे आहे?"

दीड वर्षाने मला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायकाची जागा मिळाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा मावशी एका गाडीत काचा वर करून, डोळे मिटून बसल्या होत्या. मी बाहेर उभा राहिलो. त्या दिवशी दोन मिनिटं फार लांबली. माझी एस.टी. सुटायची वेळ झाली, म्हणून मी काचेला हात न लावता, बाहेरूनच नमस्कार केला आणि निघालो. चौकातून मागे पाहिलं तरी त्या आतच होत्या.

मागच्या आठवड्यात त्यांना हे पत्र पाठवलं.

*

आदरणीय सलोमीमावशी यांस,

विलासचा साष्टांग नमस्कार. पुतण्या वाचून दाखवेल तेव्हा त्याला मध्ये गाळू देऊ नका, चार श्वास लागतील.

मी बरा आहे. प्रयोगशाळा लहान आहे, पण खिडक्या चार आहेत आणि मी चारही उघड्या ठेवतो. मुलांना बाटलीला हात लावण्याआधी मागचं वाचायला लावतो. मुख्याध्यापक म्हणतात, तास संपतो आणि प्रयोग राहतो. मी म्हणालो, राहू द्या.

इथे मला पांढरा कोट मिळाला आहे. आबांना कळवलं तर ते दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने आले. मी कोट घालून दाखवला. त्यांनी बाह्या ओढून पाहिल्या, बटणं मोजली. मग सगळी प्रयोगशाळा फिरून पाहिली. कपाटं, बाटल्या, बेसिन. मला वाटलं आता खूश होऊन काहीतरी बोलतील. ते बराच वेळ दारात उभे राहिले आणि मला विचारलं, "तुले आठे वरडनारं कोनी शे का नही?"

मी म्हणालो, "नाही, आबा. इथे सगळे 'सर' म्हणतात."

मावशी, त्यांचं तोंड एवढंसं झालं. जेवले नाहीत नीट. रात्री मुक्कामाला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत. एस.टी.त बसताना म्हणाले, "त्या बाईले पत्र लिख."

म्हणून लिहितो आहे. दिवाळीनंतर शाळेला सुट्टी आहे. पुतण्याच्या जीपने या. दोन दिवस राहा, आणि मुलांसमोर नको, पण मला एकदा ओरडून जा.

आपला,
विलास